रक्ताला दुबार पेरणी नाही

मृगाचा पाऊस पडला, तिफण चालली, आठ दिवस झाले आणि तासात नुसती माती दिसते. अशा वेळी काय करायचे हे कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. दुकानदाराला चार शब्द सुनवायचे, पावती आणि रिकामी पिशवी घेऊन कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार द्यायची, उसनवार करायची आणि दुबार पेरणी करायची. हंगाम मागे पडतो, कर्ज वाढते, पण माणूस पुढच्या पावसाची वाट पाहायला शिल्लक राहतो. खराब रक्ताची पिशवी एकदा शिरेत गेली की मात्र तिला दुबार पेरणी नाही. म्हणूनच ज्याने जन्मभर बोगस बियाण्याचा मार खाल्ला, त्या शेतकऱ्याने रक्ताच्या प्रतीबद्दल सगळ्यांत आधी बोलले पाहिजे, असे आमचे मत आहे.

रक्तदान शिबिरे आपल्याकडे काही कमी होत नाहीत. मेळावा असो, जयंती असो, पुढाऱ्याचा वाढदिवस असो, मांडव पडतो, खाटा लागतात, संध्याकाळी आकडा जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. देणाऱ्यांच्या मनाबद्दल आम्हाला शंका नाही. पण किती बाटल्या काढल्या यावरून रक्त सुरक्षित झाले की नाही हे ठरत नाही. सुरक्षित रक्त येते ते ओळखीच्या दात्याकडून, जो पुन्हापुन्हा देतो, विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देतो, आणि एकदम न देता वर्षभर थोडे थोडे देतो. शिवाय ते रक्त रुग्णाच्या जवळपास, थंड आणि नोंदीसह ठेवलेले असावे लागते. यांतली एक कडी तुटली तर बाकीच्या कड्या फुकट जातात.

लोट्यापासून सुरुवात का

आम्ही उदाहरण घेतो ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील लोट्याचे. भाताचा आणि आंब्याचा मुलूख, तिथे आपला काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत आणि शेतीची कीटकनाशकेही तिथे तयार होतात. आपण पऱ्हाटीवर फवारतो त्या औषधाच्या एका टोकाला आपला पंपवाला आहे, तर दुसऱ्या टोकाला असल्या वसाहतींतला कामगार आहे. दोघेही गावाकडचेच आहेत आणि दोघांनाही दवाखाना लांब आहे.

२० मार्च २०२१ रोजी लोट्याच्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन चार कामगार गेले. वसाहतीला लागून मुंबई-गोवा महामार्ग आहे. चिपळूणकडे जायचे तर परशुराम घाट उतरावा लागतो आणि खाली वाशिष्ठी नदी आहे. जिल्ह्याचे मोठे सरकारी रुग्णालय रत्नागिरीला, म्हणजे शंभर किलोमीटरच्या घरात. घाटातला अपघात असो, कारखान्यात भाजलेला कामगार असो, की अडलेली बाळंतीण असो, रक्त लागते तेव्हा ते रस्त्याने येणार किंवा रुग्ण रस्त्याने जाणार. आणि रस्त्याचा भरवसा काय? २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले, वीज गेली, वाशिष्ठीचा जुना पूल खचला आणि महामार्ग तुटला. २०२२ च्या उन्हाळ्यात रुंदीकरणासाठी परशुराम घाट रोज काही तास बंद ठेवावा लागला. रक्त नदीच्या एका काठाला आणि रुग्ण दुसऱ्या काठाला, ही गोष्ट तिथे कल्पनेतली राहिली नाही.

आता लोट्याच्या जागी आपला तालुका ठेवून पाहा. घाट नसेल, पण काळ्या मातीचा रस्ता आहे. पूर आला की नाला आडवा येतो आणि एस.टी. बंद होते. वीज तर पूर नसतानाही जाते. म्हणून लोट्याचा प्रश्न आपल्यालाही जसाच्या तसा लागू आहे.

महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०१४ मध्ये 'जीवन अमृत' नावाची सेवा राज्यभर सुरू केली होती. १०४ क्रमांकावर फोन करायचा आणि चाळीस किलोमीटरच्या किंवा तासाभराच्या अंतरातल्या रुग्णालयात थंड पेटीतून मोटरसायकलवर रक्त पोचायचे. नातेवाइकाने रात्री रक्तपेढीची दारे ठोठावत फिरायचे नाही, हा त्यातला शहाणपणा होता. ही सेवा एप्रिल २०२२ पासून बंद झाली. खेड्यातल्या माणसाच्या उपयोगाची योजना आली कधी आणि गेली कधी हे खेड्यातल्याच माणसाला कळत नाही, त्याचा हा आणखी एक नमुना.

पिशवीचे लेबल वाचा

आम्ही शेतकी शाळेत शिकलो, तेव्हा पहिला धडा होता बियाण्याची पिशवी उलटून लेबल वाचण्याचा. लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणीची तारीख, मुदत. पुढे गावोगाव आम्ही हेच सांगत फिरलो. रक्ताच्या पिशवीलाही लेबल असते आणि ते वाचायचा रुग्णाच्या माणसाला पूर्ण हक्क आहे. त्यावर पिशवीचा क्रमांक, रक्तगट, रक्त काढल्याची तारीख, वापरण्याची मुदत, झालेल्या चाचण्या आणि रक्तपेढीचे नाव व परवाना क्रमांक असतो. परवानाधारक रक्तपेढीने प्रत्येक पिशवीमागे पाच चाचण्या करायच्या असतात: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. नोंदी पाच वर्षे जपायच्या असतात, म्हणजे पुढे काही निष्पन्न झाले तर पिशवीवरून दात्यापर्यंत आणि दात्यावरून रुग्णापर्यंत माग काढता येतो.

ज्वारीच्या बियाण्यात शंभरातले पंचाहत्तर दाणे उगवले तरी ते प्रमाणित ठरते. पंचवीस दाण्यांची सूट शेतात चालते, रक्तात ती सूट नाही. रक्तगटाचेच पाहा. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट शोधून काढला. जगभरच्या पुस्तकांत तो आज 'बॉम्बे' रक्तगट म्हणून ओळखला जातो. जगात तो फार दुर्मिळ, आपल्या देशात दहा हजारांत एखाद्याला, आणि महाराष्ट्रात तो इतर मुलखांच्या मानाने जास्त सापडतो. साध्या तपासणीत हा गट 'ओ' असल्यासारखा दिसतो. पण त्या माणसाला 'ओ'चे रक्त दिले तर त्याचे शरीर ते फोडून काढते आणि जीव जाऊ शकतो. पेशींवरून गट काढल्यावर रक्तद्रवावरून तो उलटा ताडून पाहिला, आणि दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहिले, तरच हे पकडता येते. घाईची वेळ आहे म्हणून जुळवणी गाळणारा तंत्रज्ञ आणि उगवण न तपासता पिशवी शिवणारा बियाणे कारखानदार यांत आम्हाला फरक दिसत नाही.

प्रत टिकवण्याचेही तसेच. रक्त २ ते ६ अंशांत ठेवायचे. नेहमीच्या पिशवीतले रक्त ३५ दिवस टिकते, तांबड्या पेशी वेगळ्या करून खास द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस. प्लेटलेट पाचच दिवस, आणि त्याही थंड नव्हे तर २० ते २४ अंशांत, सतत हलत्या ठेवून. रक्तद्रव गोठवले तर वर्षभर. फ्रीजबाहेर काढलेली पिशवी अर्ध्या तासात लावली पाहिजे आणि चार तासांत संपली पाहिजे. पिशवी बर्फाला टेकली की पेशी फुटतात, उन्हात राहिली की जंतू वाढतात. दूध डेअरीला नेणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की नासलेले दूध वासाने कळते, नासलेले रक्त बरेचदा कळतच नाही.

मातीखालचे बी

'तपासणी होते ना, मग दाता कुणी का असेना', असे पुष्कळ शिकलेली माणसेही म्हणतात. इथेच मोठा घोटाळा आहे.

सोमवारी पेरले आणि मंगळवारी शेतात जाऊन पाहिले तर काय दिसेल? काळी माती. म्हणून शेतात बी नाही असे होत नाही. रोगाच्या लागणीचेही तसेच आहे. एचआयव्हीची लागण झाल्यावर शरीरात तिची खूण तयार व्हायला नेहमीच्या चाचणीच्या हिशेबाने सुमारे तीन आठवडे लागतात. त्या तीन आठवड्यांत रक्त दूषित असते आणि चाचणी ते निर्दोष म्हणून पास करते. 'नॅट' नावाची महागडी चाचणी विषाणूचेच अंश शोधते. तिने हा काळ दीड आठवड्याच्या आसपास येतो, पण शून्य होत नाही. आणि ही चाचणी आपल्या देशात सक्तीची नाही. म्हणजे ज्या रुग्णाला परवडते त्याला चाळणी बारीक आणि ज्याला परवडत नाही त्याला जाड, असा आजचा न्याय आहे.

याची किंमत कोण भरतो? ज्यांना वारंवार रक्त लागते ते. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. विदर्भ-खानदेशात घराघरांत ठाऊक असलेल्या सिकलसेलच्या रुग्णांनाही ते लागते. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे आणि त्यांतले एक दगावल्याचे उघड झाले. सरकारने चौकशी लावली. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडातल्या चाईबासा इथे पाच मुलांच्या बाबतीत तेच घडल्याचे बाहेर आले. माहितीच्या अधिकारात २०१६ साली मिळालेल्या उत्तरानुसार ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या दीड वर्षात देशातल्या २,२३४ जणांनी, आपल्याला रक्तातून एचआयव्ही आला, असे सांगितले होते. ही कारणे रुग्णांनी स्वतः सांगितलेली आहेत, सिद्ध झालेली नाहीत, असा सरकारचा खुलासा आहे. खुलासा मान्य केला तरी, सिद्ध करण्याची तसदी कुणी घेतली, हा प्रश्न उरतोच.

मातीखालचे बी फक्त पेरणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून पहिली आणि सगळ्यांत स्वस्त चाचणी म्हणजे दात्याचे खरे उत्तर. शिबिरात डॉक्टर विचारतात: कावीळ झाली होती का, तीन महिन्यांत हिवताप आला का, शस्त्रक्रिया झाली का, गोंदवून घेतले का, परस्त्री वा परपुरुषाशी संबंध आला का, औषध कोणते चालू आहे. हे प्रश्न मांडवात, दहा जणांच्या घोळक्यात, शेजारी सरपंच उभा असताना विचारले तर खरे उत्तर कोण देईल? त्यासाठी आडोसा पाहिजे आणि उत्तर बाहेर जाणार नाही याची खात्री पाहिजे. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या नेहमी रक्त देणाऱ्या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही सापडला, तेव्हा सरकारने कायद्याच्या जोरावर त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस कोंडून ठेवले. असे वागवले की पुढचे शंभर जण खरे सांगणार नाहीत. दात्याला धाक घालून रक्त शुद्ध होत नाही, त्याचा विश्वास राखला तरच होते.

कापसाला भाव, मग रक्ताला का नको

आपल्याच बैठकीत कुणी उठून विचारील, आणि विचारलेच पाहिजे: घामाला दाम मागणारे तुम्ही, रक्ताला मात्र फुकट द्या म्हणता, हे कसे?

उत्तर सरळ आहे. कापूस बाजारात आला की घेणारा मूठभर काढून धाग्याची लांबी पाहतो, कचरा पाहतो, ओल पाहतो. दोष लपत नाही, म्हणून भाव करता येतो. रक्ताचा दोष फक्त देणाऱ्याला ठाऊक असतो, आणि पैसे मिळणार असले की दोष सांगणे म्हणजे मजुरी बुडवणे. गरजेने नडलेला माणूस खरे बोलेल, अशी अपेक्षा बाजाराने करू नये. रिचर्ड टिटमस या इंग्रज अभ्यासकाने १९७० साली इंग्लंड-अमेरिकेची तुलना करून हेच मांडले होते. पुढे इंग्लंडनेच अमेरिकेतून, पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांकडून बनलेली औषधे आणली. त्या काळातल्या दूषित रक्ताच्या आणि औषधांच्या प्रकरणात तीस हजारांहून अधिक माणसांना लागण झाली आणि सुमारे तीन हजार मेली, असे २० मे २०२४ रोजी तिथल्या चौकशी आयोगाने जाहीर केले.

शेतकऱ्याच्या काळजाला हात घालणारे उदाहरण चीनच्या हनान प्रांताचे आहे. १९९० च्या दशकात तिथल्या गरीब शेतकऱ्यांकडून रक्तद्रव विकत घेण्याचा धंदा फोफावला. अनेकांचे रक्त एकत्र फिरवून द्रव काढून घ्यायचे आणि उरलेल्या तांबड्या पेशी पुन्हा शेतकऱ्यांच्या अंगात सोडायच्या, म्हणजे माणूस लवकर पुन्हा विकायला तयार! एकाचा रोग गावाला गेला. खेडीच्या खेडी एड्सने पोखरली. डॉ. काओ याओच्ये या वृद्ध डॉक्टरीणबाईंनी ते उजेडात आणले, तर त्यांनाच सरकारी जाच सोसावा लागला. शेवटी देश सोडावा लागला आणि २०२३ मध्ये त्या परदेशात वारल्या. ज्या शेतकऱ्याला पिकाचा भाव मिळत नाही त्याला रक्त विकायची पाळी येते. म्हणून भाव मागायचा तो पिकाला.

आपल्याकडेही 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला. बिनपरवाना रक्तपेढ्या बंद करा, दोन वर्षांत धंदेवाईक रक्तविक्रेते बंद करा, असे फर्मावले. १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकणे बंद झाले. कागदावर. कारण रुग्णालय म्हणते 'बदली रक्त आणा', आणि खेड्यातून आलेला नातेवाईक, ज्याचे परक्या शहरात कुणी नाही, तो फाटकाबाहेर 'भाऊ' शोधतो. बदलीची सक्ती असेल तिथे चोरटी विक्री असणारच. रक्तपेढीने घ्यायचा आहे तो फक्त प्रक्रियेचा खर्च. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे तांबड्या पेशींच्या पिशवीला सरकारी पेढीत ११०० आणि खासगीत १५५० रुपयांपर्यंत. रक्त ही विकण्याची वस्तू नाही, असे केंद्राच्या औषध नियंत्रकांनी जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा बजावले. याहून अधिक मागितले तर पावती मागा.

एका दिवसाचा पाऊस

वर्षाचा पाऊस चार दिवसांत पडून गेला तर आकडा सरासरीचा दिसतो आणि पीक वाळते. हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? रक्ताचेही तेच. वाढदिवसाला पाचशे पिशव्या निघाल्या, पेढीच्या फ्रीजमध्ये जागा नाही, ३५ दिवसांत त्या संपल्या नाहीत तर फेकाव्या लागतात. आणि मे महिन्यात, दिवाळीत टंचाई. पाच वर्षांत देशात रक्ताच्या व रक्तघटकांच्या २८ लाखांहून अधिक पिशव्या वाया गेल्याचे २०१७ साली माहितीच्या अधिकारात बाहेर आले, आणि त्यात महाराष्ट्र पुढच्या रांगेत होता.

हिशेब मांडा. तालुक्यात २४० धडधाकट दाते आहेत. सगळ्यांनी एका दिवशी दिले तर २४० पिशव्या मिळतात आणि दीड महिन्यानंतर खडखडाट. त्याच २४० जणांच्या साठ-साठच्या चार तुकड्या केल्या आणि दर महिन्याला एक तुकडी बसवली, तर प्रत्येकाची पाळी चार महिन्यांनी येते, दरमहा ६० पिशव्या मिळतात आणि वर्षाच्या ७२० होतात. पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचे आणि स्त्रीला १२० दिवसांचे अंतर लागते, ते यात बसते. शिवाय दर चार महिन्यांनी त्याच माणसाची तपासणी होते, त्यामुळे दाता ओळखीचा आणि तपासलेला राहतो. बांध घालून पाणी अडवावे तसेच हे आहे.

दाता १८ ते ६५ वर्षांचा, किमान ४५ किलो वजनाचा आणि हिमोग्लोबिन १२.५ असलेला हवा. ते पाहायची साधी रीत म्हणजे मोरचुदाच्या पाण्यात रक्ताचा थेंब सोडायचा: झटकन बुडाला तर पास, तरंगला तर नापास. बोर्डो मिश्रणात घालतो तेच हे मोरचूद. आपल्या माय-बहिणींचा थेंब फार वेळा तरंगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. जिचा थेंब तरंगला तिला 'नापास' म्हणून परत पाठवू नका. तिला गोळ्या आणि उपचार मिळवून देणे हेही शिबिराचेच काम आहे, कारण बाळंतपणात रक्त लागायची वेळ तिच्यावरच आधी येणार.

बैठकीपुढे ठेवतो ते

जिल्हा बैठकीने पुढील गोष्टींचा ठराव करावा, असे आम्ही सुचवतो.

एक, आपल्या मेळाव्यात आकड्यासाठी शिबिर घ्यायचे नाही. तालुकावार दात्यांची यादी करून महिनेवारी लावायची. पेरणी आणि वेचणीचे दिवस सांभाळायचे, पण उन्हाळ्याची आणि दिवाळीची पाळी चुकवायची नाही. फवारणी करून आलेल्याने ते डॉक्टरांना सांगावे आणि त्या दिवशी थांबावे.

दोन, शिबिरात छत्री, बॅग, भांडे असले काही घ्यायचे नाही आणि द्यायचेही नाही. चहा-बिस्किट आणि घटकाभर विसावा पुरे. प्रश्न आडोशाला विचारले गेले नाहीत तर शिबिर थांबवायचे.

तीन, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रक्त साठवण केंद्र मागायचे. कायद्याने २००१ पासून त्याला वाट मोकळी आहे: परवानाधारक पेढीतून तपासलेले रक्त आणून थंड ठेवायचे, वेगळा परवाना लागत नाही, सरकारची मान्यता पुरते. फ्रीज आहे का, जनरेटर चालतो का, तापमानाची वही रोज भरली जाते का, हे आपल्या माणसाने महिन्यातून एकदा जाऊन पाहायचे.

चार, १०४ ची रक्त पोचवण्याची सेवा पुन्हा सुरू करा आणि ज्यांना वारंवार रक्त लागते त्या थॅलेसेमिया व सिकलसेलच्या रुग्णांना 'नॅट' तपासलेले रक्त फुकट द्या, ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायची.

पाच, बदली रक्ताची सक्ती कुठे झाली, तर तारीख, वार आणि पावती यांसह लिहून बैठकीला आणायचे.

शेतकरी भावांनो आणि माय-बहिणींनो, रक्त कारखान्यात होत नाही आणि परदेशातून आयातही करता येत नाही. हे एकच पीक असे आहे की ज्याचे बी, शेत आणि खळे सारे आपल्या अंगात आहे. त्याची प्रत राखणे सरकारचे काम आहेच, पण पहिली चाळणी आपल्या हातात आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने साठ नावांची पहिली यादी घेऊन यावे.